भरल्या कणगीला सारवण

एका मुलीची दोन वर्षांची मेहनत मी चार सेकंदांत सारवून टाकली होती. 'सारवून' हा शब्द चुकून आलेला नाही. तोच शब्द मनात धरून मी बटण दाबलं होतं, आणि दाबताना माझ्या तोंडावर हसू होतं.

तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. आता सहासष्ट ओलांडल्यावर त्या बाईकडे बघते, तेव्हा ती आपल्याच घरातली आहे हे चारचौघांत कबूल करायला जीव धजत नाही. भोरमध्ये पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर तिचा संगणकाचा क्लास होता. आठ संगणक, आठही कीबोर्डांत पीठ. तालुक्यातली पोरं तिच्याकडून टायपिंग शिकून जायची, तिला मॅडम म्हणायची, आणि मॅडम म्हणवून घेता घेता बाईची मान इतकी ताठ झाली होती की जिना उतरताना पायऱ्या दिसत नसत. भोरपासून वेल्ह्यापर्यंत आपल्याइतकं संगणकातलं कुणाला कळत नाही, असं तिचं ठाम मत होतं. ते खरंही असेल. त्या टापूत तेव्हा संगणकच किती होते!

मॅडमची शिकवायची एक रीत होती. प्रत्येक गोष्टीला शेतातलं उदाहरण. फोल्डर म्हणजे भाताचं खाचर. व्हायरस म्हणजे भातावरचा करपा. आणि फॉरमॅट म्हणजे सारवण. "नवी कणगी आणली की तिच्यात एकदम भात ओतता का रे? आधी शेणामातीनं सारवता ना? डिस्कचं तसंच. संगणकानं विचारलं, फॉरमॅट करू का, तर घाबरायचं नाही. हो म्हणायचं." दहा वर्षं मी हे पोरांना ऐकवलं. कणगी म्हणजे भात साठवायची बांबूची छातीएवढी टोपली, हे त्या पोरांना सांगावं लागत नसे. उदाहरण इतकं चपखल होतं की मी स्वतःसुद्धा त्याच्या प्रेमात पडले होते.

त्या वर्षी दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. भात कापून झालं होतं, मळण्या चालू होत्या. बुधवारी सकाळी उत्रोलीच्या घरी सासूबाई कणगी सारवायला बसल्या होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. मीही क्लासला जायच्या आधी हात लावला होता. नखांतलं शेण निघालं नव्हतं, तेवढ्यात माझी भाची दारात उभी. कडेवर वर्षाचं बाळ, खांद्याला जड पिशवी. पुण्याहून नसरापूरपर्यंत एसटीनं आणि तिथून पुढं वडापच्या रिक्षात अवघडून आलेली.

ही माझ्या नणंदेची मुलगी, म्हणजे आत्याबाईंची नात. गुंजवणे गावची. लहानपणी शेरडांमागं राजगडाच्या पायथ्याला हिंडायची आणि कोळशानं खडकांवर डोंगर काढायची. डोंगरावरच बसून डोंगर कशाला काढतेस, असं मी तिला चिडवायचे. पुढं ती पुण्यात चित्रकला शिकली आणि व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. तिथं दोन वर्षं तिनं एका गेमसाठी अख्खा डोंगर रचला. कडे, माच्या, उतारावरची खाचरं, सगळं. पण तो गेम बाजारात आलाच नाही. कंपनीच बंद झाली. मालक भला माणूस. निरोपाच्या दिवशी त्यानं तिला ऑफिसातलं एक यंत्र दिलं आणि सहीनिशी लिहून दिलं, की यातलं डोंगराचं काम हिचं आहे, हिनं ते कुणालाही दाखवावं.

तेच यंत्र पिशवीत होतं. गेम खेळायचा कन्सोल, पण दुकानात मिळतो तो नव्हे. गेम बनवणाऱ्यांना, म्हणजे डेव्हलपर लोकांना, वेगळा देतात, तो. दिसायला टीव्हीखालच्या डीव्हीडी प्लेअरसारखा, पण बाजूला जास्तीचा डबा चिकटवलेला, गालफुगी झाल्यासारखा. वर चिठ्ठी : विक्रीसाठी नाही.

"मामी, हे सुरूच होत नाही हो," भाची म्हणाली. "पुण्यात दाखवलं. म्हणाले, आतलं जळलंय, सुटा भाग मिळायचा नाही. पण डिस्क चांगली असणार. ती काढून तुमच्या संगणकाला लावली तर?"

"लावली तर काय? लागली म्हणून समज."

"शनिवारी मुलाखत आहे. पुण्यातच. हे तिसरं ठिकाण. आधीच्या दोघांनी विचारलं, ती दोन वर्षं तुम्ही केलं काय? मी म्हटलं, डोंगर. ते म्हणाले, दाखवा. काय दाखवू? घरी न्यायची परवानगीच नव्हती तेव्हा. सगळं ह्याच्यात आहे."

"आणि शनिवारी नाही दाखवता आलं तर?"

"वेल्ह्याच्या शाळेत चित्रकलेची जागा आहे. त्यांना सोमवारी हो की नाही ते सांगायचंय. हो म्हणेन." तिनं बाळाला आजीच्या मांडीवर ठेवलं. "शाळा वाईट नाही, मामी. पण मला डोंगर करता येतात."

आत्याबाईंचे दोन्ही हात शेणानं माखलेले. त्यांनी बाळाला कोपरांनीच धरलं. "जा गं, मामीला समदं येतंय म्हनं," त्या म्हणाल्या. त्यातला तो 'म्हनं' मला तेव्हा ऐकूच आला नाही.

स्कूटरवरून आम्ही भोरला आलो. क्लासला सुट्टी दिली होती. भाचीनं स्क्रू काढून डिस्क बाहेर काढली, तळहाताएवढी. दुकानातल्या कन्सोलची डिस्क म्हणे त्या त्या यंत्राला कुलूपबंद करतात, दुसरीकडे उघडत नाही. पण डेव्हलपरच्या यंत्रात रोज नवं भरायचं, जुनं काढायचं, म्हणून हिला तसलं कुलूप नव्हतं.

"म्हणजे काम सोपं आहे," मॅडम म्हणाल्या.

"सोपं नाही, मामी. ह्याची मांडणी निराळी असते. एकदम काही—" एवढं बोलली आणि तिचा फोन वाजला. शनिवारच्याच लोकांचा. रेंज जिन्यात बरी यायची, म्हणून ती बाहेर गेली.

मी केबल जोडली. पडद्यावर चौकट आली : ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?

दहा वर्षं पाठ झालेलं उत्तर होतं. जिन्यातून भाचीचा आवाज येत होता, "हो, हो, काम घेऊनच येते," आणि इकडे मी 'हो'वर बोट ठेवलं. चार सेकंद. पडद्यानं सांगितलं, झालं. डिस्क स्वच्छ, मोकळी, छान. शेणाचा वास तेवढा नव्हता.

ती आत आली. "दिसलं का काही?"

"दिसेल ना. आत्ताच सारवून घेतली."

तिनं माझी उदाहरणं लहानपणापासून ऐकलेली. सारवणं म्हणजे काय हे तिला विचारावं लागलं नाही. ती पुढं झाली, केबल उपसली आणि डिस्क ओढणीत गुंडाळून पोटाशी धरली. 

"मामी, आता कशालाच हात लावू नका," एवढंच म्हणाली. 'तुम्ही' सुटलं नाही, हे विशेष.

अडाणी माणसाच्या हातात पोथी दिली तर तो म्हणतो, मला वाचता येत नाही. पानं कोरी आहेत असं म्हणत नाही. संगणकाला तेवढी लाज नसते. त्याला कन्सोलची मांडणी वाचता येईना, म्हणून त्यानं सरळ ठरवलं की डिस्क कोरी आहे, आणि मला विचारलं, सारवू का? आणि मॅडमनाही तेवढी लाज नव्हती.

भाचीनं तिच्याबरोबर काम केलेल्या एका प्रोग्रामरला फोन लावला आणि आवाज मोठा केला. त्याचा पहिला प्रश्न, "कुणी केलं?"

भाचीनं माझ्याकडे बघितलं. "झालं," ती म्हणाली. "कुणी ते राहू दे."

"झटपट फॉरमॅट की पूर्ण?"

"झटपट," मी म्हटलं. "चार सेकंद."

"मग नशीब समजा, काकू. झटपट फॉरमॅट आतलं पुसत नाही. सुरुवातीला आणि मध्ये थोडं स्वतःचं लिहितो, अनुक्रमणिका टाकतो, आणि बाकी सगळं मोकळं आहे असं जाहीर करतो. आतलं बरंचसं जिथल्या तिथं असेल. पण त्यावर आता एक अक्षरही लिहू नका. आधी डिस्कची जशीच्या तशी प्रत काढा, पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत, कोरं दिसेल तेही. मग जे शोधायचं ते प्रतीत शोधायचं. मूळ डिस्क कपाटात."

प्रत काढायचा प्रोग्राम त्यानं पाठवला. पण प्रत ठेवायला तेवढीच मोठी मोकळी डिस्क हवी, आणि भोरमध्ये त्या दिवशी तशी कुठंच मिळेना. माझ्या कपाटात एक मोठी डिस्क होती. तिच्यावर क्लासचे कार्यक्रम होते. म्हणजे माझे सत्कार. कुणी शाल देतंय, कुणी नारळ देतंय, मध्ये मॅडम. शेकड्यांनी फोटो.

"मामी, हे सगळे काढायचे?"

"काढ."

"एक तरी ठेवू?"

"ठेव एक. ज्यात माझे डोळे मिटलेले नाहीत तो."

तिनं खालपासून वरपर्यंत शोधलं. "तसा एकही नाही."

"मग काढ सगळे." या वेळी फॉरमॅटवर बोट ठेवताना आत काय आहे ते मला नीट माहीत होतं.

दुपारी प्रत सुरू झाली. डिस्क म्हातारी होती. मध्येच अडायची, कुरकुरायची. तो प्रोग्राम मोठा समजूतदार. अडलेली जागा नोंदून ठेवायचा, सोडून पुढं जायचा, आणि चांगलं सगळं हाताला लागल्यावर मागं फिरायचा. करवंदाच्या जाळीत असंच करतात. आधी हाताला येतील ती तोडायची, मग काट्यात शिरायचं. आधीच काट्यात हात घातला की फाटतो तो हात, आणि बाहेरची करवंदं दुसराच कुणी नेतो.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी लाईट जायचा वार, हे भोरमध्ये शेंबडं पोरसुद्धा सांगेल. नेमकं मॅडमच्या डोक्यातून गेलेलं. सकाळी दहाला गिरणी थांबली आणि बॅटरीचा डबा शिट्ट्या मारायला लागला.  "गेलं आता सगळं," मी म्हटलं. "पहिल्यापासून करावं लागणार."

"नाही," भाची म्हणाली. "कुठपर्यंत आलो ते त्यानं लिहून ठेवलंय. बंद करू, लाईट आली की तिथूनच पुढं." तिनं शांतपणे सगळं बंद केलं. मग आम्ही दोघी खिडकीपाशी बसलो. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. मी कीबोर्ड उलटा करून त्यातलं पीठ झाडत बसले.

"मामी, आमची खालची खाचरं आठवतात तुम्हाला? धरणात गेलेली?"

"न आठवायला काय झालं? लग्नानंतर पहिली लावणी तुझ्या आईनं तिथंच करून घेतली होती माझ्याकडून. चिखलात बसले होते मी."

"मे महिन्यात पाणी उतरलं की अजून दिसतात. वर नुसता गाळ. बांधावरचे दगडसुद्धा हललेले असतात. पण बाबा काठावर उभं राहून बोट दाखवतात, इथून आपलं, तिथून चुलत्यांचं, तिकडं पाणी सोडायचं तोंड. पावलं मोजलेली आहेत त्यांची. तो प्रोग्रामर म्हणतो, ह्या यंत्राच्या डिस्कचं तसंच आहे. भाग ठरलेल्या अंतरावरच सुरू होतात. अनुक्रमणिका गेली तरी मोजत गेलं की सापडतात."

ही मला समजावत होती. जिचं गेलं ती, जिनं घालवलं तिला. आणि तेही माझ्याच रीतीनं, खाचराचं उदाहरण देऊन. फरक एवढाच की तिनं उदाहरण द्यायच्या आधी वस्तू काय आहे ते बघितलं होतं.

जेवायला घरी गेलो तेव्हा आत्याबाईंनी विचारलं, "झालं का गं काम?"

"संगणक जरा बिघडलाय," मी म्हणाले.

"व्हय? संगणक बिघाडलाय?" त्यांनी नातीकडे बघितलं. नात खाली मान घालून भाकरी मोडत राहिली.

शुक्रवारी सकाळी प्रत पूर्ण झाली. मूळ डिस्क कापडात गुंडाळून कपाटात गेली. प्रोग्रामरनं सांगितलेल्या अंतरावर शोधलं, आणि एक एक भाग उघडायला लागला. विचित्र नावांच्या फायलींची रांगच रांग. भाचीनं एक निवडली, पिशवीतून आणलेल्या स्वतःच्या लॅपटॉपवर घेतली. पडदा आधी काळा, मग करडा, आणि मग डोंगर उभा राहिला.

तिच्या तोंडून आवाज निघाला तो शेरडांना हाक मारताना काढायची तसला.

सगळं मिळालं नाही. मी मध्ये जिथं सारवलं होतं तिथं नेमका गेमचा नायक होता. त्याचे बूट मिळाले, तलवार मिळाली, माणूस गेला. संगीतही अर्धं गेलं. पण डोंगर पक्का होता. उतारावर खाचरं, पायऱ्यांसारखी, आणि प्रत्येक बांधाला एक तोंड, वरचं पाणी खालच्या खाचरात सोडायला. कुठलं खाचर कुणाचं, ते मला त्या पडद्यावर ओळखता आलं. मी जिथं चिखलात बसले होते, तेसुद्धा होतं.

"नायकाचं काय?" मी विचारलं.

"नायक माझा नव्हताच," ती म्हणाली. "माझा डोंगर."

त्यानंतर काही वर्षांनी क्लास बंद झाला. पोरं सगळं मोबाईलवरच शिकायला लागली आणि मॅडमना रिकामा वेळ मिळाला. त्या प्रोग्रामरनं आणखी एक यंत्र पाठवलं, मग त्याच्या ओळखीच्या कुणी. आज पुण्याहून, बंगळूरहून लोक जुने डेव्हलपर कन्सोल घेऊन उत्रोलीला येतात. बंद पडलेल्या कंपन्यांचे, अर्धवट राहिलेल्या गेमचे. त्यांच्या डिस्का मरायला टेकलेल्या असतात. मी प्रती काढून देते, आणि फुशारकी बाजूला ठेवून सांगते, चांगल्या काढून देते. आधी मालकाची लेखी परवानगी बघते. ती नसेल तर चहा पाजून परत पाठवते. मग डिस्क आणि संगणक यांच्यामध्ये एक छोटा डबा जोडते. तो फक्त वाचू देतो, लिहू देत नाही. त्याला मी मुसकं म्हणते. मळणीच्या बैलाच्या तोंडाला बांधतात ना, भातावरून चाल पण तोंड घालू नको म्हणून, तेच. माझा नातू म्हणतो, आजी, त्याला इंग्रजीत दुसरं नाव आहे. असू दे. बैलाला कुठं इंग्रजी येतं?

उदाहरणांची खोड काही गेली नाही, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. फक्त आता उदाहरण सुचलं की मी हात मागं घेऊन क्षणभर थांबते. ही सवय मला संगणकानं लावलेली नाही. ती त्या शनिवारी लागली.

शनिवारी दुपारी आत्याबाई आणि मी ओटीवर बसलो होतो. बाळ त्यांच्या मांडीवर झोपलं होतं आणि मी दर दोन मिनिटांनी फोन उलटसुलट करत होते. एकदाचा तो वाजला. मी आवाज मोठा केला.

"मामी, घेतलं त्यांनी मला!" भाची रस्त्यावरूनच ओरडत होती, मागं गाड्यांचे हॉर्न. "त्यांनी डोंगर फिरवून फिरवून बघितला. मग एकजण म्हणाला, ह्या बांधांना मध्येच खाचा का आहेत, चुकून राहिल्यात का? मी म्हटलं, मग पाणी खाली जायचं कुठून? तर परत वाकून बघायला लागले सगळे. मग म्हणाले, आम्हाला असं माणूस पाहिजे, ज्यानं हे बघितलंय. सोमवारी वेल्ह्याला नाही म्हणून कळवते."

"नायकाबद्दल विचारलं का गं?"

"विचारलं. म्हटलं, आमच्या मामींनी सारवला."

ती हसली, मी हसले, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की आवाज मोठा आहे आणि शेजारी आत्याबाई बसल्या आहेत. त्यांनी फोनकडे तोंड नेलं. "काय सारवलं गं मामीनं?" आणि त्या कार्टीनं तीन दिवस पोटात ठेवलेलं सगळं आजीला सांगून टाकलं. डिस्क, चौकट, चार सेकंद, फॉरमॅट म्हणजे सारवण, सगळं.

फोन बंद झाला.  समोर त्यांनी सारवलेली कणगी उन्हात वाळत होती. मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्हीच शिकवलंत ना, भरायच्या आधी सारवायचं?"

त्यांनी बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाल्या, "सारवायचं ते बराबरच हाय. पन सारवायच्या आदी कणगीत हात घालून बघायचा असतो, येवढं सुदीक म्या शिकवाया पायजे हुतं व्हय, मॅडम?"